मिरच्यांचा ठसका

शेजारी आज कुणाची तरी दृष्ट काढली असावी. जळक्या मिरच्यांचा वास आमच्या स्वयंपाकघरात आला आणि मला सासूबाईंचं मंगळवेढ्याचं घर आठवलं. आमच्या यांना साखरेचा आजार, त्यात हृदयावर ताण आलेला. वजन उतरवायलाच हवं, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावल्यापासून वर्षभर मी यांच्या ताटातली भाकरी आणि शेंगाचटणीवरचं तेल सांभाळत होते, रोज भांडण करून. वजन उतरलं. पण मंगळवेढ्याला दारात पाऊल टाकताच सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "लई वाळलास की रं! हिनं उपाशी ठिवलं व्हय?" यांना पाटावर बसवून त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका येत नाही म्हणतात. त्या दिवशी सगळं घर खोकत अंगणात आलं. "दृष्ट न्हाय, मग झालंय काय ह्याला?" त्या पुटपुटल्या. निघताना यांनी ज्वारीचं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि एसटीच्या थांब्यापर्यंत कुठेही न थांबता गेले. आदल्या वर्षी रिकाम्या हातांनी जातानाही वाटेत छाती धरून बसले होते. मागून येणाऱ्या सासूबाई ते बघत होत्या. गाडी आल्यावर त्यांनी माझ्या पिशवीत स्वतःच ठेवलेला शेंगालाडूंचा डबा परत काढून घेतला आणि म्हणाल्या, "आता तूच बघ." तेव्हापासून मीच बघतेय. आत्ता हे फिरून येतील आणि दुसरी भाकरी मागतील.