न पडणारे दहा अडथळे

१९९६ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात नातीच्या नडगीचा फोटो उजेडाला धरून बघत होतो. मला त्यात काहीच दिसत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी एका जागी पेनाचं टोक टेकवलं. "स्ट्रेस फ्रॅक्चर," म्हणाल्या. म्हणजे हाड एका दणक्यात मोडत नाही. रोज थोडं थोडं सोसतं आणि शेवटी त्याला केसाएवढी चीर पडते.

"आणखी आठ दिवस पळाली असती तर पूर्ण मोडलं असतं, आजोबा."

मला राग आला. खरं सांगतो, पहिल्यांदा बाईंचाच आला.

राजी, माझी नात, सतरा वर्षांची. अडथळ्यांच्या शर्यतीत राज्यात पहिली आलेली. तिचा बाप ट्रकवर, म्हणून सराव माझ्याकडं. महिन्यावर देशपातळीची निवड होती. तिथं पळाली नाही तर यादीतून नाव खोडू, असं निवडवाल्यांनी आम्हाला बजावलं होतं. पहिली आली तेव्हा स्टेशनवर हार घालायला रांग होती. आता दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघंच.

तीन आठवडे पाय दुखत होता. मी तालमीत वाढलेला माणूस. आमच्यात दुखलं की तेल लावून रगडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मातीत उतरायचं. मी तिची नडगी अंगठ्यानं रगडली. पोरगी उशी चावायची.

पहिला फोटो दुसऱ्या एका दवाखान्यात काढलेला. तिथल्या माणसानं दोन मिनिटांत "काही नाही" म्हणून वाटेला लावलं. अशी चीर सुरुवातीच्या फोटोत बऱ्याचदा दिसतच नाही, हे सांगायला त्याची जीभ झिजत होती काय? पण "फोटो साफ हाय, नाटकं करू नगंस, पळ," हे तो म्हणाला नव्हता. मी म्हणालो होतो.

बाईंनी राजीला विचारलं, "अडथळ्याच्या किती वरनं जातेस?"

मीच छाती फुगवून सांगितलं, "चांगली वीतभर वरनं जाती."

"इतकी उंच का?"

राजी खाली बघत बोलली, "आबांचं अडथळं पडत न्हाईत. लागलं की गुडघा फुटतोय. मी भितो."

बाई माझ्याकडं वळल्या. "तुम्ही बनवलेत?"

"व्हय. सुतार हाय मी. अस्सल बाभूळ. बैल धडकला तरी हलायचं न्हाईत."

"शर्यतीतले तर पडतात."

"पडतो त्यो अडथळा कसला, बाई?"

"पडतो म्हणूनच खेळाडू त्याला घासून जातो. ही भिऊन उंच उडते आणि उतरताना सगळा भार ह्याच हाडावर येतो. रोज कितींदा?"

मी बोटांवर मोजायला लागलो. दहा अडथळे, आणि रोज कितीतरी फेऱ्या.

तीन महिने पळणं बंद. कुबड्या. निवड हुकली, नाव खोडलं. हार घालणाऱ्यांपैकी एकही चौकशीला आला नाही. त्यांची तोंडं मला अजून पाठ आहेत. पुढच्या वर्षी राजी पुन्हा राज्यात पहिली आली, नंतर देशातही दोनदा पदक आणलं, २००३ पर्यंत पळाली. आज लंगडत नाही. त्या बाईंचे उपकार आहेत. तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथं लिहितो.

तुमच्या घरात खेळणारं लेकरू असेल आणि एकाच जागी बोट ठेवून दुखतंय म्हणत असेल, तर रगडू नका. फोटो साफ आला तरी थांबा. माझ्यासारखं शहाणं होऊ नका.

दवाखान्यातून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी करवत घेऊन कळंब्याच्या माळावर, आमच्या सरावाच्या जागी गेलो. राजी कुबड्या टेकून दगडावर बसली. अडथळे हलू नयेत म्हणून मी त्यांना पुढं-मागं दोन्हीकडं पाय दिले होते. आता पाय लागला की पुढं पडावेत म्हणून पलीकडचे, उतरायच्या बाजूचे पाय कापायला घेतले. बाभूळ ती, करवतीचे दात खात होती. मी आधी लाकडाला शिव्या दिल्या, मग स्वतःला.

पहिला कापून झाल्यावर राजी म्हणाली, "ढकला की, आबा."

एका बोटानं ढकलला. पडला.

"आणिक एकदा."

मी उचलला, उभा केला आणि पुन्हा पाडला.