चोवीस तासांत रेंज येईल

मोबाईलच्या दुकानात नऊ वर्षं काउंटर सांभाळला की किस्से आठवावे लागत नाहीत. ड्रॉवरमध्ये जुनी कव्हरं आणि चार्जरच्या वायरी साचतात, तसे ते साचत जातात. वसई स्टेशनच्या पश्चिमेला आमचं दुकान होतं. मालक मोहनशेठ, रिपेरिंगला गिरीजचा पास्कल आणि काउंटरवर मी, सुषमा. मोबाईल नुकते कुठे साध्या माणसांच्या खिशात यायला लागले होते.

आता ते दुकान नाही. पण आम्ही तिघं वर्षातून एकदा भेटतो, बहुतेक नाताळात पास्कलच्या घरी. मग जुन्या गोष्टी निघतात. पास्कल शेठच्या चुका सांगतो, शेठ माझ्या सांगतात, मी पास्कलच्या. स्वतःचं कोणी सांगत नाही. आज मी माझ्या सांगते. हसायचं तर हसा, मला मात्र अजून जमत नाही.

एक गोष्ट आधी सांगून टाकते. मोबाईल म्हणजे शेवटी छोटा रेडिओच. रेडिओवर कसं प्रत्येक स्टेशन ठरावीक आकड्यावर लागतं, तसंच इथेही. तेव्हा आमच्याकडे दोन कंपन्यांची कार्डं असायची. जुनी कंपनी नऊशेवर चालायची, नवी अठराशेवर. काही फोन दोन्ही पकडायचे, काही फक्त एकच. हे सगळं पास्कलला माहीत होतं. मला नव्हतं. पण लोक विचारायचे मला, आणि उत्तर मीच द्यायचे.

*

पहिलं गिऱ्हाईक जे माझ्या मनातून जात नाही, ते आगाशीचे एक निवृत्त गुरुजी. जावयानं आपला जुना, विटेएवढा फोन त्यांना दिला होता. ते कार्ड घ्यायला आले. नव्या कंपनीची स्कीम चालू होती, म्हणून मी नव्या कंपनीचं कार्ड घातलं. रेंज काही आली नाही.

"चोवीस तासांत येईल," मी म्हटलं. कार्ड चालू व्हायला वेळ लागतो, एवढंच मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आगाशीहून बसनं आले. मी म्हटलं, बंद करून चालू करा. तिसऱ्या दिवशी आले. मी म्हटलं, गच्चीवर जाऊन बघा. चौथ्या दिवशी म्हटलं, बॅटरी काढून पुसून घाला. पाचव्या दिवशी पास्कलनं फोन उलटा केला, मागचं मॉडेल वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. तो फोन फक्त नऊशेचा होता. नव्या कंपनीचं कार्ड त्यात जन्मभर चाललं नसतं.

गुरुजी रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'सकाळी ७.१० बंद करून चालू केला. रेंज नाही. ७.३० गच्ची, पूर्व बाजू. नाही. ७.३५ गच्ची, पश्चिम बाजू. नाही.' अशी अकरा पानं.

"बरं झालं सांगितलंत," ते मला म्हणाले. "मला वाटलं, माझ्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं जातंय."

*

पास्कलची एक मावशी होती, सिसिलियामावशी. गिरीजला त्यांची केळीची वाडी. मुलगा अमेरिकेला. तो सुट्टीवर आला तेव्हा आईला एक चंदेरी, घडीचा फोन देऊन गेला. मावशी चर्चमधली मिस्सा आटोपून तो रुमालात बांधून थेट दुकानात आल्या. पास्कल तेव्हा सामान आणायला मुंबईला गेला होता.

मी मागचं झाकण उघडलं. बॅटरी काढली. कार्डाची जागा सापडेना. म्हटलं, आणखी आत असेल. स्क्रू काढले, पातळ ड्रायव्हर घालून थोडं उचकटलं आणि झाकणाची एक क्लिप कट्‌कन तुटली. जागा नव्हतीच. तिकडच्या काही कंपन्यांच्या फोनमध्ये कार्ड घालायचंच नसतं, नंबर आतच भरलेला असतो. असा फोन आमच्या कुठल्याच कंपनीवर चालणारा नव्हता. हे मला संध्याकाळी पास्कलकडून कळलं.

पण त्या वेळी मावशी समोर उभ्या होत्या आणि माझ्या हातात तुटलेली क्लिप होती. मी आतून चिकटपट्टी लावली, झाकण दाबून बसवलं आणि म्हटलं, "मावशी, हे मॉडेल फार नवीन आहे. आपल्याकडे अजून त्याची लाईन आलेली नाही. काही दिवसांनी चालेल."

त्या खूश झाल्या. मुलानं एवढी पुढची वस्तू दिली म्हणून.

पास्कल संध्याकाळी म्हणाला, "मी सांगतो तिला खरं काय ते." पण त्याच्यानं सांगवलं नाही आणि माझ्यानंही नाही. मावशींनी फोन घरातल्या अल्तारासमोर, येशूच्या मूर्तीपुढे ठेवला होता. दर रविवारी त्या तो चार्जिंगला लावायच्या. मुलानं चार्जर इथल्या विजेवर चालणारा दिला होता, तेवढं मात्र बरोबर जमलं होतं.

दोन वर्षांनी मला त्या बाजारात भेटल्या. डोक्यावर भाजीची पाटी. थांबल्या आणि अगदी सहज विचारलं, "काय गं बाय, झाले का ते काही दिवस?"

*

विलायतेत काम करणारी एक नर्स महिन्याच्या रजेवर घरी आली होती. तिचा फोन तिकडच्या कंपनीनं बांधून ठेवलेला, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं कार्ड तो घ्यायचा नाही. तो उघडायचा एक लांबलचक आकडा असतो. तो पास्कल मिळवून कागदावर लिहून ठेवायचा आणि स्वतः घालायचा, कारण पाच वेळा चुकला की फोन कायमचा बंद.

पास्कल जेवायला गेला होता. बाईंना घाई होती. मी म्हटलं, त्यात काय, मीच घालते.

पास्कलच्या अक्षरात एक आणि सात सारखेच दिसतात. पाचव्या वेळेनंतर स्क्रीनवर जे आलं ते मी हातानं झाकलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या तिकडच्या कंपनीनं लॉक टाकलाय बहुतेक," मी म्हटलं.

बाजूलाच एसटीडी बूथ होता. बाई तरातरा आत गेल्या आणि त्यांनी विलायतेला फोन लावला. काचेतून आवाज येत होता. असं इंग्रजी मी पुन्हा कधी ऐकलं नाही. मी पैसे देऊन वस्तू घेतली आहे, माझ्या गावात मला तुम्ही खाली मान घालायला लावता, असं सगळं. मी दुकानाच्या दारात उभी. मीटरवरचे आकडे पळत होते.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"मागितली त्यांनी माफी," त्या म्हणाल्या. "नवीन फोन देणार आहेत. बघ, असं ठणकावून बोलावं लागतं. आपण खालमानेनं ऐकून घेतो ना, म्हणून हे लोक चढून बसतात."

मी मान हलवली. खालमानेनं.

*

हा पुढचा किस्सा खरं तर शेठचा आहे, पण चहा मी दिला होता, म्हणून माझाही.

आगाशीच्या बाजारात एका कापडवाल्याच्या दुकानात रेंज यायची नाही. जाड भिंती, वर लोखंडी माळा. शेठनं मुंबईहून एक बूस्टर आणला. छपरावर एक अँटेना, आत एक डबा. पास्कल नको म्हणत होता. असले डबे परवानगीशिवाय लावायचे नसतात, टॉवरला त्रास होतो. शेठ म्हणाले, "अरे, एका डब्यानं काय होतंय?"

कापडवाल्याच्या फोनवर रेंजच्या चारच्या चार काड्या उभ्या राहिल्या. तो पेढे घेऊन आला.

पुढच्या आठवड्यात आगाशीहून एकेक जण येऊ लागला. किराणावाला, सोनार, देवळाचे पुजारी. सगळ्यांची एकच तक्रार, मधेच बोलणं तुटतं, पलीकडे नुसती खरखर ऐकू येते. पास्कल काय ते समजला. त्यानं शेठना बाजूला घेऊन सांगितलं, आपला डबाच सगळ्या बाजारावर ओरडतोय. शेठनं ऐकून घेतलं, काउंटरवर आले आणि किराणावाल्याला म्हणाले, "तुम्हालापण एक बूस्टर लागेल." मी पावती केली. सोनाराचीही केली.

मग एक दिवस कंपनीचा इंजिनिअर आला. काळासावळा, शांत मुलगा, खांद्याला मीटर अडकवलेलं. दोन दिवस उन्हात फिरून तो कंटाळला होता. "आगाशीत कोणीतरी बेकायदा बूस्टर लावतंय," तो म्हणाला. "तुम्ही या लाईनमधले जुने. कोण असेल, काही कल्पना?"

शेठनं त्याला खुर्ची दिली. पंखा त्याच्याकडे वळवला. मला चहा सांगायला लावला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "अशा लोकांमुळेच धंदा बदनाम होतो."

इंजिनिअरनं ते डबे शोधून काढलेच. पण आमचं नाव कोणी सांगितलं नाही. बाजारातल्या एकाही माणसानं नाही. आम्ही त्याच आगाशीत नंतर आणखी चार वर्षं कार्डं विकली.

*

शेवटचा अर्नाळ्याचा. हा मी नाताळातसुद्धा कधी सांगितलेला नाही.

हरेश्वरकाका म्हणून एक नाखवा होते. स्वतःची बोट. अर्नाळ्यातून आमच्याकडे फोन घेणारे ते पहिले. तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "समुद्रात लागंल का?"

"काड्या दिसल्या की लागणारच," मी म्हटलं होतं.

काही महिन्यांनी ते परत आले. आवाज चढवला नाही, बसूनच सांगितलं. लांब गेले असताना बोटीचं इंजिन बंद पडलं. फोन काढला, दोन काड्या दिसत होत्या. लावला, लागेना. पुन्हा लावला. सात माणसं बोटीवर, आणि फोनवर दोन काड्या तशाच. दुपारभर वाहत गेले. शेवटी डहाणूकडच्या एका बोटीनं दोर टाकला.

"काड्या दिसतात, पन लागत नाय. असं कसं?" त्यांनी विचारलं.

मी काय विचारलं सांगू? मी विचारलं, "सेट कधी घेतला होता काका?" आणि म्हटलं, हा हलका आहे, जास्त ताकदीचा घ्या. त्यांनी घेतला.

त्यानंतर त्यांची तक्रार आली नाही. मी समजले, काम झालं. अर्नाळ्याचं कोणीही आलं की मी तोच सेट काढायचे आणि सांगायचे, "हरेश्वरकाकांचा समुद्रात लागतो, त्यांना विचारा." असे सात-आठ तरी गेले.

तीन वर्षांनी तो मीटरवाला इंजिनिअर सहज आला होता. बोलता बोलता मी अर्नाळ्याच्या बोटींचं सांगितलं, जरा मिरवतच. तो म्हणाला, "किनाऱ्यापासून पस्तीस किलोमीटरच्या पुढे नाही लागणार. कुठलाही सेट घ्या. टॉवरचं फोनला ऐकू येतं, म्हणून काड्या दिसतात. पण फोनचं उत्तर टॉवरला ठरलेल्या वेळेत पोचायला लागतं. त्यापलीकडून ते उशिरा पोचतं, मग टॉवर ते घेतच नाही."

त्या रात्री मी अर्नाळ्याला विकलेले सेट बोटांवर मोजले. सात-आठ बोटी माझ्या शब्दावर समुद्रात होत्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून अर्नाळ्याला गेले. काका घरासमोर इंजिनाचा कुठलासा भाग रॉकेलनं धूत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पस्तीस किलोमीटर, काड्या, उशिरा पोचणारं उत्तर. शेवटी म्हटलं, "तो दुसरा फोन घ्यायची गरजच नव्हती, काका. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले. बाकीच्या बोटवाल्यांना आज सांगायला हवं."

त्यांनी हात फडक्याला पुसले.

"त्यांना म्हाईत हाय," ते म्हणाले. "हितनं निघाल्यावर इंजिन अडीच तास चाललं की फोन मेला. काड्या असूदे नायतर नसूदे. घरी काय बोलायचं ते अडीच तासांच्या आत बोलून घ्यायचं, पुढं वायरलेसवाल्या बोटीच्या नजरंत ऱ्हायाचं. समद्यांना सांगून ठेवलंय."

"कधीपासून?"

"तू नवा फोन दिलास, त्याच्या पयल्या फेरीपासून."

मी विचारलं, "मग दुकानात येऊन बोलला का नाहीत?"

"आलतो की," काका म्हणाले. "दोनदा आलतो. दोन्ही टायमाला तू मानसांना माजंच नाव सांगत होतीस. समोर गिऱ्हाइकं उभी, शेठ उभा. तिथं तुला खोटी कशी पाडायची? ती मानसं भायेर आली, मंग त्यांना एसटीत सांगितलं."

आणि दाराकडे वळून त्यांनी बायकोला हाक मारली, "अगो, पोरगी उन्हातनं आलीय. तिला आदी पानी दे."