बावन्न सीसी आणि वरची खोली

आमच्या नगर जिल्ह्यात मोटर निवडण्याचं एक शास्त्र आहे. बोअरला पाणी किती, पाइप किती इंची, असले फालतू प्रश्न विचारायचे नाहीत. शेजाऱ्याने पाच हॉर्सपॉवरची टाकली असेल तर आपण साडेसातची टाकायची. पाणी दोघांनाही तेवढंच येतं, पण आपल्या मोटरचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. मी याच शास्त्रात वाढलो. त्यामुळे रिमोटवर उडणाऱ्या मोठ्या विमानासाठी इंजिन निवडायची वेळ आली तेव्हा मला कुणाच्या सल्ल्याची गरज नव्हती. सल्ला होता, तो भाग वेगळा. विमानाच्या नकाशावरच ठळक छापलं होतं: तीस ते पस्तीस सीसी. पण तो नकाशा आखणारा माणूस राहणार परदेशात. त्याला साडेसातची मोटर काय कळणार.

हे विमान म्हणजे खेळणं नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात ते अजून कुणाला पटलेलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेआठ फूट पंख, आत हलक्या लाकडाच्या फासळ्या, वरून पिवळं आवरण. घराच्या वरच्या खोलीत मी ते दीड वर्ष बांधत होतो आणि त्या काळात त्या खोलीत दुसरं काही शिरू शकलं नाही. खाली पुढच्या खोलीत बायकोचा शिवणक्लास चालायचा. तिथे इतकी दाटी, की मी कामावरून आलो की मागच्या दाराने घरात यायचो, चोरासारखा, स्वतःच्या घरात.

काम म्हणजे विमा सर्वेक्षकाचं. करंजीच्या घाटात कुणाचा टेम्पो उलटला की मी जातो, चाकांच्या खुणा बघतो, चालकाचं रडगाणं ऐकतो आणि चूक कुणाची ते लिहून देतो. या कामाने माणसाला एक फार मोठी गोष्ट शिकवली आहे: चूक नेहमी दुसऱ्याची असते.

नवरात्राच्या आधी बायकोने विषय काढला.

"अहो, दिवाळीच्या ब्लाउजांची गर्दी सुरू झालीय. बायका चपला काढायच्या जागेवर बसून हात शिलाई घालतायत. वरची खोली कधी मोकळी होतेय?"

"विमान उडालं की."

"आणि नाही उडालं तर?"

"नाही उडायला काय झालं?"

"मागच्यांना काय झालं होतं?"

मागची म्हणजे थर्माकोलची छोटी विमानं. ती उडाली होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. उतरणं हा वेगळा विषय आहे.

शेवटी करार ठरला. विमान वर गेलं, एक फेरी मारून धडधाकट खाली आलं, तर खोली कायमची माझी, पुन्हा विषय नाही. मोडलं आणि चूक माझी निघाली, तर खोली क्लासची. वारा, पाखरू, मेंढरू, अशी दुसऱ्या कुणाची चूक निघाली, तर मला आणखी एक संधी. हे शेवटचं कलम मी घातलं. ती लगेच हो म्हणाली. मी पोटापाण्यासाठी काय करतो हे बिचारी विसरली असावी, असं मला वाटलं.

भिंगारच्या बाजारात माझ्या शाळेतल्या एका मित्राचं दुकान आहे. फवारणीचे पंप, गवत कापायची मशिनं, त्यांची दुरुस्ती. गवताच्या मशिनाचं पेट्रोल इंजिन काढून विमानाला बसवता येतं. त्याने काउंटरवर दोन ठेवली. एक पस्तीसचं, एक बावन्नचं.

"तुझ्या कागदावर किती लिहिलंय?"

"तीस ते पस्तीस."

"मग बावन्नचं घे."

"जड नाही का होणार?"

"जड व्हायचंच की. पण ताकद बघ ना भाई. असल्याच मशिनानं काष्टीच्या एका गिऱ्हाइकानं बांधावरची घाणेरीची सगळी झुडपं साफ केली."

"मला घाणेरी नाही साफ करायची."

"खाली आल्यावर बांधावरच येणारय ना ते?"

असा मुद्देसूद युक्तिवाद ऐकल्यावर मी बावन्नचं घेतलं. पस्तीसचं घेतलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण मग सांगण्यासारखं तरी काय उरलं असतं?

आता तोलाबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश मागे, दोन्ही बाजूंना पंखाखाली बोटं लावून विमान उचलायचं. ते आडवं, शांत राहिलं तर तोल बरोबर. नाक किंचित झुकलं तर चालतं. पण शेपूट खाली गेलं तर ते विमान राहत नाही, उधळलेलं जनावर होतं. तुम्ही रिमोटवरून काहीही सांगा, ते आपल्याच तंद्रीत.

मी आणि मित्राने दोन्ही बाजूंनी बोटं लावून उचललं. विमानाने नाक असं खाली टाकलं जसं काही फरशीवर हरवलेली टाचणी शोधतंय. बावन्न सीसीचं वजन पुढे, मागे शेपटीत हवा. मग बॅटरी उचलून शेपटीकडे नेली. तरी नाक खाली. मग चाकं बॅलन्स करणाऱ्या दुकानातून शिशाचे तुकडे आणले आणि शेपटीत ठेवत गेलो. विमान आडवं झालं खरं, पण आता ते एवढं जड झालं की पस्तीसच्या इंजिनाने जागचं हललं नसतं. म्हणजे बावन्नचं घेतलं तेच शहाणपणाचं, असा निष्कर्ष आम्ही दोघांनी एकमताने काढला आणि त्यावर चहा घेतला.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी घरातल्या प्रत्येक यंत्राची, हत्याराची पूजा होते. शिलाई मशिनं, कात्र्या, माझी स्कूटर, हातोडी, पाना, सगळ्यांना हळदकुंकू. बायको पूजेचं ताट घेऊन वर आली, विमानाच्या नाकावरच्या पंख्याला बोट लावलं आणि म्हणाली, "नाजूक आहे हो. एक शेवंतीचं फूल ठेवते, पुरे."

"एवढ्या विमानाला एक फूल?"

"मग काय तोरण बांधू?"

मी तसाच बाजारात गेलो आणि झेंडूचा हार आणला. साधा नाही. नव्या ट्रॅक्टरला घालतात तो, मनगटाएवढा जाड, पाणी मारून ओलागच्च ठेवलेला. बायकोने तो पंख्याच्या मागे, इंजिनावर, दोन वेढे देऊन घातला. मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि विमानवेड्यांच्या ग्रुपवर टाकले. भरपूर अंगठे आले. मला वाटलं, या देशात अजून कदर आहे.

पूजेचा हार आपण होऊन काढायचा नसतो. सुकेल तेव्हा सुकेल. आमच्याकडच्या ट्रकांना मागच्या दसऱ्याचा नुसता दोरा पुढच्या दसऱ्यापर्यंत लटकत असतो. तर हार तिथेच राहिला आणि दुसऱ्या दिवशी दसरा. साडेतीन मुहूर्तांतला एक. तोल पक्का करायला याहून चांगला दिवस कुठला? बायको खाली येणाऱ्याजाणाऱ्यांना सोनं देत होती, तेवढ्यात मित्र आला. आम्ही वर जाऊन बोटं लावली. नाक खाली.

"परवा तर बरोबर होतं," मी म्हणालो.

"लाकूड हाय. हवेत पाणी धरतं."

हे मला फार शास्त्रीय वाटलं. मी आणखी शिसं घेतलं, विमान आडवं होईपर्यंत शेपटीत भरलं आणि वरून गोंद ओतून ते भोक कायमचं बंद केलं, म्हणजे पुन्हा शंकेला जागा नको. दोन दिवस एखादी गोष्ट डोळ्यांसमोर असली की डोळे ती बघायचं बंद करतात. संसारात हे उपयोगी पडतं. विमानात नाही.

रविवारी उडवायचं ठरलं. भिंगारला प्रश्नच नव्हता. लष्कराच्या शेजारी एवढं मोठं पिवळं विमान वर सोडायचं, मग त्यांनी ते पाडायचं. त्यांना कशाला तो त्रास, ते काम मी स्वतः करू शकतो. म्हणून मित्राच्या दुकानाचा टेम्पो घेऊन पाथर्डीच्या रस्त्याला, वस्तीपासून लांबच्या एका मोकळ्या माळावर गेलो. बायको पुढे बसली होती. करारातला दुसरा पक्ष म्हणून आली होती, माझ्या कौतुकासाठी नव्हे.

माळावर एक मेंढपाळ होता. तो काठीवर हनुवटी टेकवून आमची तयारी बघत राहिला.

"इकायला आनलंय का?"

"नाही हो, उडवायला. विमान आहे."

"मान्सं कुठं बसत्यात?"

"माणसं बसत नाहीत. लांबून चालवायचं."

"मंग बरं हाय." थोड्या वेळाने म्हणाला, "इंजान लई मोठं हाय. बोअरला बसंल का?"

मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

पंखा फिरवायचा तर हार काढणं भाग होतं. मी तो काढून कपाळाला लावला. "पायात नको टाकू," मित्र म्हणाला आणि त्याने तो नीट घेऊन टेम्पोच्या आरशाला अडकवला. मग इंजिन सुरू केलं. काय आवाज सांगू. मेंढरं एकदम वळली. बायकोने कानांवर पदर घेतला. साडेसातची मोटर सुरू झाल्यावर शेजाऱ्याकडे बघून जे समाधान मिळतं, ते मला मिळालं. शेजारी तेवढा नव्हता.

विमान पळालं, चार उड्या मारल्या आणि वर गेलं. वर म्हणजे सरळ वर. मी रिमोटचा दांडा पुढे दाबून नाक खाली घ्यायला सांगत होतो आणि नाक आभाळाकडे. पूर्ण दाबला तरी आभाळाकडे. मग ते क्षणभर हवेत लटकलं, जणू काही आठवायचा प्रयत्न करतंय. डावा पंख पडला, विमान फिरलं आणि बावन्न सीसीच्या पूर्ण ताकदीने मातीत घुसलं. मेंढरांनी एकदा तिकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली.

बायको हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. पदर खोचून तिकडे गेली आणि पिवळे तुकडे गोळा करायला लागली. त्या फासळ्या मी एकेक करून ब्लेडने कापल्या होत्या, घासल्या होत्या, उजेडासमोर धरून बघितल्या होत्या. आता मुठीत धरल्या तर आगकाडीसारख्या. मी थोडा वेळ दुसरीकडे बघत उभा राहिलो.

"कशानं पडलं?" तिने विचारलं.

"बघतो," मी म्हणालो आणि माझ्या धंद्यातला चेहरा केला. तारा तपासल्या, शाबूत. बॅटरी शाबूत. इंजिन तर इतकं शाबूत की अजून घाणेरी कापली असती.

"भाभी, वर लई वारा हुता," मित्र म्हणाला. खरा मित्र.

"वारं?" मेंढपाळ मागून म्हणाला. "सकाळधरनं पान हाललं न्हाई."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी टेम्पोकडे बघितलं. आणि तिथे तो हार दिसला. आरशाला लटकलेला, चांगला जाडजूड, आरसा त्याच्या वजनाने खाली झुकलेला. दसऱ्याला आम्ही विमान तोललं तेव्हा हा हार त्याच्या नाकावर होता. त्या वजनाला पुरेल एवढं शिसं मी शेपटीत भरलं आणि गोंदाने बंद केलं. आज हार काढला. शिसं राहिलं. शेपूट खाली.

मित्रानेही बघितलं. तो खोकला आणि मेंढरं मोजायला लागला.

तेवढ्यात माझ्या डोक्यात करारातलं शेवटचं कलम चमकलं. हार घातला कुणी? बायकोने. स्वतःच्या हाताने, दोन वेढे देऊन. म्हणजे चूक दुसऱ्याची. म्हणजे आणखी एक संधी, आणि तोपर्यंत खोली माझी. इतकं स्वच्छ प्रकरण माझ्या नोकरीत कधी आलं नव्हतं.

"हार नाकावर असताना तोल केला गेला," मी म्हणालो. असल्या वेळी वाक्यात माणूस ठेवायचा नसतो. "हार पूजेत घातला गेला होता."

"मी घातला," ती म्हणाली.

"मी तुला दोष देत नाहीये."

"द्या ना. फक्त आणला कुणी तेवढं सांगा. मी तर एक फूल म्हणत होते."

"भाभी, देवीसाठी मोठा हार आणला, त्यात काय वाईट?" मित्र म्हणाला.

"देवीला आणला असता तर देवीच्या गळ्यात दिसला असता. फोटोसाठी आणला. आणि भावजी, तोल करताना तुम्ही दुसऱ्या बाजूला उभे होतात ना? तुम्हाला तरी दिसला नाही?"

मित्र पुन्हा मेंढरांकडे वळला. मेंढपाळ म्हणाला, "ताई म्हनत्यात ते बराबर हाय." त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी अनेक चालकांना अशा वेळी बघितलं आहे. आधी वारा, मग समोरून आलेली म्हैस, मग रस्ता, आणि शेवटी ते गप्प होतात आणि मला कळतं, आता अहवाल लिहायला हरकत नाही. मी गप्प झालो.

"दिवाळीच्या आधी वर न्यायची का मशिनं?" तिने विचारलं. आवाजात जिंकल्याचा काही भाव नव्हता, हे त्यातलं सगळ्यात लागणारं.

"ने," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मी आणि मित्र पहिलं मशीन उचलून जिन्याने निघालो. जुनं, पायडलचं, ओतीव लोखंडाच्या पायांचं. मी वर, तो खाली. जिना अरुंद, मध्येच वळणारा.

"अहो, वरचं मशीन आधी सुटं करा," बायको खालून म्हणाली. "मग पाय वेगळे न्या. हलकं पडेल."

आम्ही वळणावर होतो. मित्राने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"एकदमच नेऊ," आम्ही दोघंही म्हणालो.

तिथल्या भिंतीचा गिलावा मी अजून भरून घेतलेला नाही. वर येणाऱ्या बायका त्या खड्ड्याला हात लावून विचारतात, हे कशानं झालं, आणि माझी बायको त्यांना अगदी सविस्तर सांगते.