आधी भ्या सांगा

यासीन आतार सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्यापासून दूर पळत होतो. इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा आटोपली होती आणि इंटर्नशिपसाठी मला कळंबच्या एका दूध शीतकरण केंद्रात सरांना भेटायला सांगितलं होतं. सर तिथल्या कॉम्प्रेसरमधलं तेल काढत होते. तेल काढताना थंड करायला वापरलेला अमोनिया वायूही थोडा सुटतोच, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकाला वास येत नाही. डोळ्यांत आणि घशात एकदम आग झाली, हातातली फाइल टाकून मी वाट फुटेल तिकडे धावलो. मागून सरांचा आवाज आला, "आरं, वारं कुनीकडं चाललंय ते बघ आन् मंग पळ." वास जिकडे चालला होता, नेमका तिकडेच मी निघालो होतो.

केंद्रातली माणसं पोट धरून हसत होती. सर हसले नाहीत. त्यांनी मला तोंडावर पाणी मारायला लावलं आणि खांबाला बांधलेली साडीची चिंधी दाखवली. चिंधी उडते त्याच्या उलट किंवा आडवं पळायचं, असं शांतपणे समजावलं. मुलाखत अशी झालीच नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर झालो.

मी मुळातच भित्रा. सरांच्या साठीच्या या गौरवग्रंथात असं लिहिणं शोभत नसेल, पण ते वगळलं तर सरांविषयी मला काहीच सांगता येणार नाही. तळेघरच्या पुढे आमची भातखाचरं आहेत. एसटी चुकली की डोंगरातून चालत घरी जावं लागे आणि सोबत कोणी नसलं तरी मी मोठमोठ्याने बोलत चालायचो. असा मुलगा सरांच्या हाताखाली आला. जुन्नर आणि आंबेगावात द्राक्षांची, टोमॅटोची, दुधाची जी लहानमोठी शीतगृहं उभी राहिली, त्यांतली कित्येक सरांच्या छोट्याशा फर्मने उभी केली आहेत. त्यांच्या वडिलांचं जुन्नरच्या बाजारात कल्हईचं दुकान होतं. सरांनी डिप्लोमा केला आणि पुण्याला न जाता इथेच काम काढलं. हे वाचकांपैकी बहुतेकांना माहीत आहे. त्यांची एक पद्धत मात्र प्लांटवर उभं राहिलेल्यांनाच ठाऊक असेल.

कुठलाही प्लांट सुरू करण्याआधी सर सगळ्यांना गोल उभं करत आणि विचारत, "कुनाला कसलं भ्या वाटतंय?" आधी स्वतःचं सांगत, मग एकेकाची पाळी. हसायचं नाही, "काही होत नाय राव" असं म्हणायचं नाही. जे भय कोणी बोलून दाखवेल ते तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही. एकदा एका फिटरला वाटलं, जास्तीचा दाब बाहेर सोडणाऱ्या गच्चीवरच्या पाइपच्या तोंडात पाखरांनी घरटं केलं असेल. सरांनी शिडी लावून स्वतः वर जाऊन पाहिलं.

माझी पाळी आली की मी उगाच काहीतरी फुटकळ सांगून मोकळा व्हायचो. खरं भय सांगायला बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. पिवळे जाड पाइप, कॉम्प्रेसरची धडधड, आतला दाब, सगळ्याचीच मला धास्ती होती. घरी जेवतानाही मी घास आधी हुंगायचो. आईच्या ते लक्षात आलं आणि तिने ठरवून टाकलं की पोराने ही नोकरी सोडावी.

हे कानावर गेल्यावर सर एका रविवारी आमच्या घरी आले. एसटीतून उतरून बरंच चालावं लागतं, तेव्हाही त्यांचे गुडघे दुखत असत. ओटीवर बसून त्यांनी पाणी घेतलं. सर आता काळजीचं कारण नाही असं सांगतील, ही माझी अपेक्षा. सर आईला म्हणाले, "ताई, धोका हाय. न्हाई म्हनालो तर खोटं व्हईल. पन ह्याला भ्या वाटतंय तवर मला ह्याची काळजी न्हाई." आईने त्यांना जेवायला थांबवून घेतलं. धोका नाही असं सांगणाऱ्यावर तिने विश्वास ठेवला नसता, हे मला आत्ता कळतं.

इंटर्नशिपचं वर्ष संपत आलं तेव्हा वेगळीच भीती मागे लागली. फर्ममध्ये इंजिनिअरची एक कायमची जागा भरायची होती आणि निर्णय सरांचा होता. वडिलांनी तर गावात आधीच सांगून टाकलं होतं. बाजाराच्या दिवशी माणसं मला "काय इंजिनेर" म्हणून हाक मारायची आणि मी मान खाली घालून पुढे सटकायचो. काम गेलं तर या माणसांसमोरून घरी कसं जायचं, हाच विचार डोक्यात असे.

त्याच आठवड्यात महाळुंगे पडवळला नवं शीतगृह सुरू व्हायचं होतं. मालक पोपटभाऊंनी द्राक्षं तोडून आणून ठेवली होती, क्रेटने भरलेल्या गाड्या फाटकात उभ्या होत्या. अमोनिया भरण्याआधी पाइपांत हवा भरून दाब धरतो का ते पाहायचं असतं. ती टेस्ट आदल्या दिवशी सरांनी स्वतः केली होती, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून. सकाळी मी पाहिलं तर दाबाचा काटा किंचित खाली आला होता. सर म्हणाले, पहाटेच्या गारठ्याने येतो. खरंच येतो, पुस्तकातही तसंच आहे. पण भिंतीपलीकडे एक जोड होता, त्यावर टेस्टनंतर लगेच थंडावा राखणारं आवरण चढवून झालं होतं, आणि माझं मन तिथून हलेना.

गोल झाला. सरांनी कॉम्प्रेसरच्या पट्ट्याविषयी सांगितलं, पट्टा तपासला गेला. माझी पाळी आली. काही नाही म्हणालो असतो तर संध्याकाळपर्यंत नोकरीत कायम झालो असतो. बोललो तर सरांच्याच तपासणीवर, मालकासमोर, शंका. मी जमिनीकडे बघत म्हणालो, "सर, भिंतीमागच्या जोडाचं भ्या वाटतंय."

पोपटभाऊ पुढे आले आणि सरांना म्हणाले, "या पोराच्या भ्यापायी माझा माल उन्हात ठेवायचा का?" सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "माल दुसरीकडं लावा. आज प्लांट चालू व्हनार न्हाई."

गाड्या वळल्या. सरांनी स्वतः आवरण कापलं, पुन्हा दाब भरला, जोडाला साबणाचं पाणी लावलं. मी शेजारी उभा राहून बुडबुडा दिसावा म्हणून अक्षरशः देवाला विनवत होतो. एकही आला नाही. जोड पक्का होता. काटा गारठ्यानेच उतरला होता. पोपटभाऊंनी पुढचं काम दुसऱ्या फर्मला दिलं. ते मला फार पुढे कळलं, सरांकडून नव्हे.

त्या दिवशी जागा गेली असं धरून माझी अवजारं पुसून मी पेटीत ठेवली आणि निरोप घ्यायला सरांसमोर उभा राहिलो. सर हात धूत होते. म्हणाले, "सकाळी काटा बघितला तवा मला पन भ्या वाटलं व्हतं. पन टेस्ट मीच केल्याली, आन् मालक समोर. मी गप ऱ्हायलो. तू न्हाई ऱ्हायलास. उद्यापास्नं तू हितला इंजिनेर." मग टॉवेल मागितला. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र नवीच भीती वाटली, कारण सरही गप्प राहू शकतात हे मला तेव्हाच पहिल्यांदा समजलं.

आता सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. शिड्या चढणं त्यांनी सोडलं आहे आणि टेस्ट मी करतो. मध्यंतरी जुन्नरला एका प्लांटवर माझी पाळी आली आणि मला सांगायला काहीच सुचलं नाही. सगळं मीच तपासलं होतं, मन अगदी निवांत होतं. बाकीचेही माझ्याकडे बघून गप्प. खुर्चीवर बसलेले सर म्हणाले, "ह्याच्या टेस्टचं मला भ्या वाटतंय. परत करा." मला राग आला, खोटं कशाला सांगू. तरी पुन्हा केली.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे बरे राहोत आणि त्यांची खुर्ची प्रत्येक प्लांटवर आमच्यासमोर असो, ही प्रार्थना मी प्रेमाने करतो, पण त्यात माझा स्वार्थही मोठा आहे. हल्ली मला भीती कमी वाटू लागली आहे. ते ओळखणारा माणूस आजूबाजूला एकच आहे.