नथ्थूजींना दिसायचे

फाईल मागितली की नथ्थूजी आधी डोळे मिटून घेत. "थांबा बाबूजी, पाहून राहिलो," म्हणत. मग डोळे न उघडताच सांगत, "तिसरी मांडणी, खालून दुसरी फळी. निळी फीत आहे, अन् कोपरा उंदरानं कुरतडला आहे." आणि ती तिथेच असे. नागपूरच्या ज्या सरकारी कचेरीत मी पन्नासच्या सुमारास कारकून म्हणून लागलो, तिथले ते दफ्तरी. फायली बांधायच्या, रचायच्या आणि मागितल्या की काढून द्यायच्या, हे त्यांचे काम. वाचता मात्र त्यांना जवळजवळ येत नव्हते. शाळेत चार वर्षे काढली होती, पण अक्षरे त्यांच्यापुढे स्थिर राहत नसत. "मुंग्यावानी चालतात," ते म्हणत.

त्यांचे घराणे उमरेडच्या विणकरांचे. वडील लुगड्याचा अख्खा काठ मनात धरून मागावर बसत, कागदावर एक रेघ न काढता. नथ्थूजींनी माग सोडला, पण डोके तेच राहिले. माझे डोके नेमके उलटे. ऐकलेले वाक्य मला वर्षानुवर्षे आठवते, पण लग्नात बायकोने कोणत्या रंगाचा शालू नेसला होता ते आजही सांगता येणार नाही. इतवारीत एक गल्ली चुकली की दुकानांच्या पाट्या वाचत बाहेर यावे लागे. हे सांगितले तेव्हा नथ्थूजी खूप हसले. "तुमच्या डोक्यात कोनी तरी बोलत राह्यते. माह्या डोक्यात कोनी बोलतच नाई, नुसतं दिसते. घरी तर दोघंबी पोचतोच ना?"

मग नवे हेडक्लार्क आले. त्यांची आठवण निघाली तरी माझे तोंड कडू होते. केसांना भपकारा येईल इतके सुवासिक तेल, नखांत पानाचा चुना, आणि इंग्रजी मसुदे मात्र असे की साहेब खूश. ज्याला शब्दांत मांडता येत नाही त्याला विचारच करता येत नाही, हे त्यांचे ठाम मत. एका दुपारी चहाच्या वेळी त्यांनी नथ्थूजींना सगळ्यांसमोर उभे केले, हातात रजिस्टर दिले आणि म्हणाले, "वाचा." नथ्थूजी अडखळले, घामाघूम झाले. हेडक्लार्क पान चघळत प्रत्येक चुकीची नक्कल करत होते. लाल थुंकी हनुवटीवर ओघळली तरी थांबले नाहीत. "मेंदूच्या जागी सुताची गुंडी आहे याच्या!" सगळे हसले. मीही हसलो. हेडक्लार्कच्या त्या थुंकीइतकीच मला माझ्या हसण्याची शिसारी येते.

पुढच्याच रविवारी त्यांनी मांडण्या उपसून सगळ्या फायली इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे लावून घेतल्या. सोमवारी नथ्थूजी दारातच थबकले. "कोनं केलं हे?" मग ते हलक्या आवाजात मला म्हणाले, "माह्या डोक्यातलं समदं सांडलं, बाबूजी." त्या आठवड्यात त्यांना एकही फाईल सापडली नाही. 'मंदबुद्धी. दफ्तरीच्या कामास अपात्र,' असा शेरा हेडक्लार्कनी सांगितला आणि मी तो घोटीव अक्षरात लिहून काढला. नथ्थूजी पाणक्या झाले. उन्हाळ्यात खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचे, एरवी माठ भरायचे.

छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून गेली आणि आमची निम्मी कचेरी भोपाळला हलायची ठरली. पेट्या भरणे चालू असताना काटोलची एक विधवा रोज बसने येऊन बसू लागली. तिच्या संत्र्याच्या बागेवर दीर हक्क सांगत होता, आणि बाग तिच्या नवऱ्याची असल्याचा हुकूम आमच्याकडच्या फायलीत होता. रजिस्टरात फाईल होती, मांडणीत नव्हती. पेट्या गेल्या असत्या तर बागही गेली असती. शेवटी मी माठाजवळ गेलो.

नथ्थूजी हातातली घागर ठेवून आले. त्यांनी बाईला नवऱ्याचे नावसुद्धा विचारले नाही. "मालकाचा अर्ज कोन्या शाईचा होता वं बाई?"

"जांभळ्या," ती म्हणाली. "अन् वरतं संत्र्याच्या रसाचा डाग पडला होता."

त्यांनी डोळे मिटले. "लाल फीत, पाठ फाटकी," ते पुटपुटले. मग एकेक फळी न्याहाळत तासभर फिरले आणि एका गठ्ठ्यातून फाईल ओढून काढली. नवऱ्याचे नाव कवडूजी. रजिस्टरात ते 'के'ने लिहिले होते, फायलीवर 'सी'ने.

"पाहिलंत बाई, नव्या पद्धतीचा फायदा!" हेडक्लार्क म्हणाले. बाई त्यांच्या पाया पडली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. नथ्थूजी माठाकडे परतले होते. मी तिथेच उभा होतो, आणि गप्प होतो. माझे नाव भोपाळच्या बढतीच्या यादीत होते.

निघायच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. "नथ्थूजी, तुमच्यावरचा तो शेरा मी लिहिला होता."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोनी काहून सांगन? अंगठा घ्याले मले कागद दाखवला होता. तुमचं अक्षर मी पाह्यल्याबरोबर ओळखतो." त्यांनी माठाचे फडके सरळ केले. "वाचता नाई आलं. काय लिवलं होतं, बाबूजी?"

तो शेरा मला शब्द न् शब्द तोंडपाठ होता.

"बदलीचं होतं," मी म्हणालो.

त्यांनी माझा चेहरा एखाद्या फळीसारखा न्याहाळला. मग माठातून पाणी काढून त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. "गाडीत लई गरमी राह्यते. पिऊन घ्या." मी मान खाली घालून ते पाणी प्यायलो.