दोस्ताचा आजार

निजामाचं राज्य गेलं, पण बिदरकडच्या आमच्या दवाखान्यातली खुर्दबीन तीच राहिली आणि तिला डोळा लावून बसणारा मीही तोच. सूक्ष्मदर्शकाला आमच्याकडे सगळे खुर्दबीनच म्हणत. तिच्यातून मी गावोगावच्या अब्रूदार माणसांचा परमा नावाचा गुप्तरोग बघितला. गंमत अशी, की त्यांतल्या एकालाही परमा झालेला नसे. लघवीतून पू जायचा तो नेहमी दोस्ताच्या. दोस्त बाहेर झाडाखाली बसलेला असे. त्याला फार लाज वाटे, म्हणून हे अब्रूदार लोकच काचपट्टी घेऊन आडोशाला जात आणि पू लावून आणत. दोस्ताला आजार कशानं झाला? तर उन्हात तापलेल्या दगडावर बसल्यानं. आणि बिदरकडं दगडांना काय तोटा!

मी निमूटपणे काच रंगवायचो. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटनं धुऊन लाल रंग. परम्याचा जंतू जांभळा रंग धरून ठेवत नाही, गुलाबी दिसतो. दोन-दोन दाणे पोटाला पोट लावून पूच्या पेशींत दाटीनं बसलेले असतात. ते समोर दिसत असताना दगडाची कथा ऐकायची, ही माझी नोकरी. रोग्याची गोष्ट बाहेर जाता कामा नये, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. ती मी पाळत असे आणि मला त्याचा अभिमानही होता.

कमलनगरचा एक अडत्या असाच दोस्ताची काच घेऊन आला. काचेवर जंतूंची जत्रा भरलेली. डॉक्टर म्हणाले, "दोस्ताला सुया घ्यायला पाठवा. त्याच्या बायकोलाही आणा." अडत्या "व्हय, सांगतो की" म्हणाला आणि दोस्तासकट गायब झाला.

काही महिन्यांनी त्याची आई सुनेला घेऊन आली. मागोमाग तोही होता. लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता.

"सुनंत खोट हाय का तेवढं सांगा, डागदरसाब," म्हातारी म्हणाली. "संतपूरची पोरगी बघून ठेवलीया. पुढच्या म्हैन्यात ह्याचं दुसरं लगीन उरकायलाव."

सून खाली मान घालून उभी होती. तिची खोट साऱ्या गावाला ठाऊक होती. त्याची गोष्ट मात्र गुपित होती आणि ते माझ्यापाशी अगदी सुखरूप होतं.

नर्सबाईंनी तिची काच आणून दिली. तेच गुलाबी जोडदाणे. डॉक्टर म्हणाले, "बाईंना सुया द्याव्या लागतील. नवऱ्यालाही."

अडत्या उसळला. "मला कामून? मला काय झालंय? हीच बसली असंल कुठं तापल्या दगडावर!"

"बरं. मग तुमच्या त्या दोस्ताचं काय झालं?" डॉक्टरांनी शांतपणे विचारलं.

"त्यो? त्यो कवाच बरा झाला."

म्हातारीनं सुनेकडं असं बघितलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी काच पुसत बसलो.

तेव्हा त्या बाईनं मान वर केली. "मी उंबऱ्याभाईर जायना, डागदरसाब, मला दगड कुठला? आन् ह्यांचा दोस्त बरा झालेला न्हाई. त्येची धोतरं रोज मीच धुवायलेय."

म्हातारीची नजर हळूहळू मुलाच्या धोतरावर गेली. मग तो मुकाट्यानं आत जाऊन पालथा पडला आणि पेनिसिलीनची सुई घेतली. जाताना माझ्या कानात म्हणाला, "नाव दोस्ताचंच लिवा."

संतपूरचं लग्न मोडलं. पाळणा मात्र नंतरही हलला नाही. सुई जंतू मारते, आत झालेली नासाडी भरून काढत नाही. दोस्ताची काच आली त्याच दिवसात तिला सुई मिळाली असती तर कदाचित निभावलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

वहीत त्या दिवशीच्या दोन नोंदी आहेत. एकीत तिचं नाव, नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. दुसरीत नुसतं 'दोस्त'. दोन्ही मीच लिहिल्या, चांगल्या वळणदार अक्षरात, आणि त्या अक्षराची मला अजून लाज वाटते.