वाइंडिंगवाल्याने ऐकलेलं गाणं

चिंचवड स्टेशनजवळ पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा एक वाइंडिंगवाला होता. कंपनीत प्रेसवर काम करून त्याचे कान जवळजवळ गेले होते. माझ्या स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज फार मिळमिळीत होता, म्हणून तिच्या तारांखालचा पिकअप, म्हणजे आवाज उचलणारी कॉइल, मी त्याच्याकडे नव्याने भरायला नेला.

"कुठल्या पंपाची?" त्याने विचारलं.

मी गिटार दाखवली. तो हसला नाही. केसासारखी बारीक तार बोटांतून सोडत, ओठांतल्या ओठांत वेढे मोजत त्याने दुपारभर ती कॉइल भरली.

मग गिटार त्याच्या जुन्या रेडिओला जोडली. मी तारा सुरात लावू लागलो, तसा त्याने रेडिओवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

"हे आमची मंडळी गुणगुणायची," तो म्हणाला. "ती गेल्यापासून आज पहिल्यांदाच ऐकतोय."

मी गोंधळलो. मी तर अजून काहीच वाजवलं नव्हतं. खरं सांगावं का?

"साहेब, परत तेच वाजवा की."

कुठल्या तारेनंतर कुठली छेडली होती, ते काही केल्या आठवेना. शेवटी मी अंदाजाने सुरुवात केली. त्याने हळूच मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मला अजून कळलेलं नाही.